द्यूतनगरीस्थ दांपत्याची व्ययाहारमीमांसा : माकणी संप्रदायास अनुसरून

भारतीय विद्यापरंपरेत द्यूत आणि पाक या दोन शास्त्रांचा विचार आजवर वेगवेगळा झाला, हे त्या परंपरेतील एक न भरून निघालेले न्यून होय. वस्तुतः या दोहोंत जन्यजनकभाव आहे. नळराजा पुष्कराशी द्यूतात हरला नसता, तर ऋतुपर्णाच्या पदरी बाहुक होऊन राहण्याची पाळी त्याच्यावर आली नसती. मग त्याचे पाककौशल्य राजवाड्याच्या भिंतींआडच राहिले असते; 'पाकदर्पण' हा ग्रंथ आज त्याच्याच नावावर सांगितला जातो. युधिष्ठिराचा डाव फसला, म्हणूनच भीमाला विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव म्हणून उभे राहावे लागले. आणि त्याच राजवाड्यात धर्मराज कंक या नावाने पुन्हा फासेच टाकीत बसला. पाश्चात्त्य प्रमाणही अनुकूल आहे. अठराव्या शतकातील सँडविचच्या चौथ्या अर्लने खेळाच्या मेजावरून उठावे लागू नये म्हणून पावात मांस घालून मागवले, अशी आख्यायिका आहे. फासे पडल्यावाचून भांडे चुलीवर चढत नाही, ही व्याप्ती तिन्ही दृष्टान्तांत अबाधित राहते.

तथापि या संबंधाचे शास्त्र कोणी रचले नाही. प्रस्तुत निबंधात त्याची पायाभरणी केली आहे.

लक्षण असे : द्यूतनगरीत दोन रात्रींहून अधिक न राहणाऱ्या विवाहित दांपत्याचा खर्च आणि आहार यांचे परस्परसापेक्ष ज्ञान म्हणजे व्ययाहारमीमांसा. यातील प्रत्येक पद सार्थ आहे. 'विवाहित' हे पद नसते, तर चारसहा मित्रांच्या टोळीतही लक्षण अतिव्याप्त झाले असते. टोळीचा खर्च वर्गणीतून होतो आणि वर्गणीचे शास्त्र निराळे. 'दोन रात्रींहून अधिक न' असे म्हणण्याचे कारण तिसऱ्या रात्री दांपत्य खोलीत दोरी बांधून कपडे वाळत घालू लागते. तेथे सहल संपते व संसार सुरू होतो. 'परस्परसापेक्ष' या पदाचे विवरण पुढे बुफेप्रकरणात येईल.

आता क्षेत्रनिर्णय. द्यूतनगरी कोणती? महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचे नियंत्रण व करआकारणी यांचा कायदा केला, तो कधीही अंमलात आणला नाही आणि २०२३ साली रद्द केला. सत्तेचाळीस वर्षे एखादा कायदा केवळ संकल्परूपाने नांदणे हे वेदान्त्यांनाही हेवा वाटावा असे उदाहरण आहे. त्याच १९७६ साली गोवा, दमण व दीव यांचा सार्वजनिक जुगाराचा कायदा झाला. त्यात १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना व १९९६च्या दुरुस्तीने पाण्यावरील जहाजांना वाट मोकळी झाली. परिणामी आज पणजीच्या मांडवीत दीपमाळा लावून उभी असलेली जहाजे हीच मराठी माणसाची निकटतम द्यूतनगरी होय.

अधिकारनिर्णय याहून सूक्ष्म आहे. एकवीस वर्षे पूर्ण नसलेल्यास प्रवेश नाही. गोवेकरांना १ फेब्रुवारी २०२०पासून खेळाची दारे बंद आहेत. म्हणजे ज्याच्या नदीत जहाज उभे आहे तो काठावरून दिवे पाहतो, आणि ज्याच्या तालुक्यात समुद्राचे चित्र केवळ भूगोलाच्या पुस्तकात आढळते तो आत जातो. या न्यायाने धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणीचे दांपत्य हे उत्तम अधिकारी ठरते. शिवाय धाराशिव जिल्ह्याला क्रीडेचे दैवी अधिष्ठान आहे. तुळजापूरच्या भारतीबुवांच्या मठात आई भवानी सारीपाट खेळायला येते अशी श्रद्धा आहे, आणि देवीच्या गळ्यातली कवड्यांची माळ भक्तही भक्तिभावाने घालतात. कौटिल्याच्या काळी द्यूतगृहात कवड्या भाड्याने मिळत, हे येथे नोंदवून ठेवतो. संबंध पुढील संशोधकांनी जोडावा.

माकणी संप्रदायाचे वैशिष्ट्य मात्र कवडीत नसून पाण्यात आहे. तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्प याच गावी असल्यामुळे येथील घराघरांत जलसाठ्याची परिभाषा मातृभाषेइतकी रुळलेली आहे. पावसाळ्यात पोरेसुद्धा टक्केवारी विचारतात. इतर संप्रदाय सहलीच्या पैशाला 'बजेट' म्हणतात आणि फसतात. कारण बजेट हा शब्द पैसा स्थिर असल्याचा भ्रम निर्माण करतो. माकणीकर त्याला साठा म्हणतात. हा पारिभाषिक भेद वरवरचा नव्हे, त्यावर सगळे शास्त्र उभे आहे.

घरून निघताना दोघांजवळ मिळून असलेली रक्कम म्हणजे एकूण साठा. त्याचे दोन भाग. पत्नीच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालात घडी घालून, पिनेने टाचलेला जो भाग असतो तो मृतसाठा. तो कोणत्याही दरवाजातून बाहेर पडू शकत नाही; त्याची पातळी दरवाजांच्या उंबऱ्याखाली असते. परतीचे भाडे त्यातूनच होते. उरलेला तो उपयुक्त साठा, आणि तो पतीच्या खिशात असतो. या विभागणीस कोणत्याही आचार्याने आजवर आव्हान दिलेले नाही. एका पतीने पणजीच्या धक्क्यावर दिल्याचे सांगतात. पण त्याचे मत मौखिक परंपरेतूनही टिकले नाही.

उपयुक्त साठ्याचा क्षय तीन प्रकारांनी होतो. चहा, पाण्याची बाटली, रिक्षा, चपला ठेवण्याचे पाच रुपये हे बाष्पीभवन. ते दिसत नाही आणि थांबतही नाही. भाच्यासाठी टोपी, शेजारणीसाठी काजू, 'एवढं लांब आलोय तर' या हेतुवाक्याने सुरू होणारा प्रत्येक व्यवहार, ही गळती. तिसरा प्रकार विसर्ग. तो एकाच वेळी, मोठ्या प्रमाणात व दरवाजा उघडून केला जातो. जहाजाचे प्रवेशमूल्य हा विसर्ग आहे. विसर्ग सुरू करण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा द्यावा लागतो, तद्वत पतीने खिडकीपाशी पाकीट काढण्यापूर्वी पत्नीस पूर्वसूचना देणे माकणी संप्रदायात बंधनकारक मानले आहे. जिंकलेली रक्कम ही येवा. परंतु संप्रदायातील जुने जाणते येव्याला अंदाजपत्रकात धरत नाहीत. पाणलोटात पाऊस पडल्यावाचून टक्केवारी जाहीर करू नये, हे त्यांचे सूत्र.

प्रवासव्ययाबाबत फार लिहीत नाही. सोलापूर, मिरज, कोल्हापूर हा मार्ग सर्वांस ठाऊक आहे. एकच सिद्धान्त नोंदवण्याजोगा. एसटीत स्त्रियांना १७ मार्च २०२३पासून अर्धे तिकीट आहे, आणि ती सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. त्यामुळे बांद्यापर्यंत दांपत्याची गणना दीड होते आणि पत्रादेवीला ते पुन्हा पूर्ण दोन होते. एका स्थिर जोडप्याची संख्या चालत्या वाहनात बदलणे हे सांख्यांनाही अपरिचित आहे. याला सीमासिद्धान्त म्हणतात.

आता परिमाण. रुपया हे खर्चाचे परिमाण म्हणून अपुरे आहे, कारण तो कोणी पेरलेला नसतो. माकणी संप्रदाय सोयाबीनचा क्विंटल हे एकक वापरतो. २०२५-२६च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. जहाजाचे प्रवेशमूल्य वार, हंगाम व जहाज यांनुसार बदलते. दोघांचे मिळून साधारण पाच-सहा हजार धरले, तर एका रात्रीचे दांपत्यप्रवेशमूल्य म्हणजे एक क्विंटल. बाजारात प्रत्यक्ष मिळणारा भाव हमीभावाहून कमी असल्यास तेच प्रवेशमूल्य सव्वा क्विंटलावर जाते. शेतकऱ्याला जहाज महाग वाटते ते यामुळे. जहाजाचा दर तोच असतो.

या प्रवेशमूल्यात शासनाचा भाग पाहणे ज्ञानवर्धक ठरेल. २२ सप्टेंबर २०२५पासून कॅसिनोच्या प्रवेशावर व चिपांच्या दर्शनी मूल्यावर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याच सहलीतील साध्या हॉटेलची खोली आणि उपाहारगृहातील थाळी यांवर ५ टक्के. अर्थात मासा पणजीच्या गल्लीत खाल्ला तर शंभरास पाच, आणि तोच मासा नदीत उभ्या जहाजावर, त्याच्या मूळ घराच्या अधिक जवळ, प्रवेशमूल्यात खाल्ला तर शंभरास चाळीस. कौटिल्याने द्यूतसमाह्वय या अध्यायात अध्यक्षाला जिंकलेल्या धनातून शेकडा पाच घेण्याची मुभा दिली असून पाणी, जागा यांचे शुल्क वेगळे सांगितले आहे. जागा आणि पाणी या दोन गोष्टी त्याने भिन्न का मानल्या, हे मांडवीतील जहाज पाहिल्यावर उमगत नाही. तेथे दोन्ही एकच आहेत.

येथून शास्त्राच्या गाभ्याकडे वळू. प्रवेशमूल्यात खेळाच्या दालनाबरोबर अमर्याद बुफे अंतर्भूत असतो. ही योजना आपली नव्हे. लास वेगासच्या एल रँचो हॉटेलात १९४०च्या दशकात एका डॉलरात मध्यरात्री हवे तितके जेवण मिळू लागले. जुगाऱ्याने जेवायला बाहेर जाऊ नये हा त्यामागील उद्देश होता. तेथे अन्न हे साधन आणि द्यूत हे साध्य. माकणीचे दांपत्य हा संबंध उलटवते. भरलेले मूल्य परत मिळवण्यासाठी, क्षुधेच्या अभावीही, नियमपूर्वक केलेले अन्नग्रहण म्हणजे वसुलाहार. आणि द्यूत हे दोन वसुलाहारांमधील विश्रांतिकाल होय. लक्षणातील 'परस्परसापेक्ष' हे पद याचसाठी.

वसुलाहाराच्या कालनिर्णयात तीन मते आहेत. पूर्ववसूलवादी म्हणतात, आधी जेवावे. हरल्यावर घास उतरत नाही. उत्तरवसूलवादी म्हणतात, आधी खेळावे. जेवल्यावर झोप येते आणि झोपलेल्याचे प्रवेशमूल्य फुकट जाते. माकणी संप्रदाय समुच्चयवादी आहे. तो दोन्ही वेळा जेवतो.

वसूलमूल्याचा निश्चय प्रमाणाधीन आहे, आणि प्रमाण म्हणजे उमरग्याजवळच्या महामार्गावरील ढाब्याचे दरपत्रक. ज्या पदार्थाला त्या पत्रकात जितका भाव तितके त्याचे वसूलमूल्य. कोळंबी, मटण, पनीर हे उत्तम. भजी, नूडल्स मध्यम. पोळी, डाळ, भात शून्य. कोशिंबिरीचे मूल्य उणे धरावे, कारण ती उदरधारणक्षमता व्यापते आणि मोबदला देत नाही. याविषयीचे मूळ सूत्र पत्नीमुखातूनच आलेले आहे : "आवं, भात कशाला घेऊलालाव? भात घरी हाय की!" या सूत्रावरील पतीचे भाष्य त्रोटक आहे. तो भात परत ठेवून येतो.

पात्रभेद पुढीलप्रमाणे.

१. परिक्रमा. हिला पात्र म्हणावे की नाही, हा वाद आहे, कारण हातात प्लेट नसते. दांपत्य दोन्ही हात मागे बांधून सर्व मेजांभोवती एक प्रदक्षिणा घालते व झाकणे उघडून पाहते. पहिल्या मेजावरच पोट भरण्याचा दोष हिने टळतो.

२. न्यासपात्र. पती तीन पत्तीच्या मेजावर गुंतला असता पत्नीने त्याच्या नावे भरून ठेवलेली प्लेट. ती न्यास असल्याने पत्नीने त्यातील काही खाऊ नये असा दंडक आहे; पापड त्यास अपवाद.

३. प्रतिशोधपात्र. हरल्यानंतर भरलेले. याची ओळख उंचीवरून होते.

४. साक्षिपात्र. ओळखू न येणाऱ्या गोडाच्या पदार्थाचा लहानसा तुकडा. तो खाण्यासाठी घेतलेला नसतो, तर गावी गेल्यावर त्याचे वर्णन करता यावे म्हणून. सासूबाईंपुढे प्रत्यक्षप्रमाणच चालते, अनुमान चालत नाही.

सर्वांत दुर्घट आहे ती माळकरीसमस्या. दांपत्य तुळशीची माळ घातलेले असल्यास मद्य व मांस दोन्ही वर्ज्य, आणि प्रवेशमूल्यात मात्र दोन्ही समाविष्ट. अशा दांपत्याचे सोयाबीनचे निम्म्याहून अधिक क्विंटल न भोगताच संपते. यास अनुपभुक्तव्यय म्हणतात. काहींच्या मते याची भरपाई शीतपेय व आइस्क्रीम यांनी होऊ शकते. एक आइस्क्रीम म्हणजे किती कोळंबी, हे गुणोत्तर अद्याप सिद्ध झालेले नाही, आणि सिद्ध होईपर्यंत घसा बसण्याची शक्यता आहे. त्यातच एकादशी आली, तर प्रश्न शास्त्राच्या हाती राहत नाही. साबुदाणा कोणत्याही जहाजाच्या बुफेत गृहीत धरू नये. फळांच्या मेजापाशी कलिंगडाच्या फोडी खात सव्वा क्विंटल वसूल करू पाहणाऱ्या दांपत्याविषयी आम्हांस आदर वाटतो, आशा वाटत नाही. पंचांग पाहून तिकीट काढावे, हाच एक उपाय.

द्यूताविषयी संक्षेपाने. रूलेटच्या एका शून्याच्या चक्रात सदतीस घरे असतात आणि नेमके घर लागल्यास पणाच्या पस्तीसपट मिळतात, त्यामुळे दीर्घकाळात हजारामागे सत्तावीस रुपये चक्राकडे जातात. म्हणजे नियती हजारी सत्तावीस घेते, कौटिल्याचा अध्यक्ष हजारी पन्नास, तेही जिंकणाऱ्याकडून, आणि विद्यमान कर हजारी चारशे, चक्र फिरण्यापूर्वीच. या तुलनेत नियतीची मागणी सर्वांत सभ्य ठरते. जिंकल्यास ३० टक्के आयकर वेगळा. त्या कमाईतून खर्च वजा करण्यास कायद्याची अनुमती नाही, सबब माकणीहून आणलेली भाकरीही वजा होत नाही. प्रवेशमूल्याबरोबर पुष्कळदा एकदाच खेळता येणारी चिप मिळते; तिचे रोखीत रूपांतर होत नाही. पती तिला येवा मानतो. पत्नी तिला कूपन म्हणते, आणि सिद्धान्तपक्ष पत्नीचा आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याची पत्नी दुरावलेली, सासू रुष्ट, आणि उपदेश असा की फासे सोड व शेत कर. माकणीच्या पतीस हा उपदेश लागू पडत नाही. तो शेतातूनच आलेला आहे, आणि तिकिटाचे पैसेही त्याच शेतातून. मात्र सूक्तातील एक उणीव येथे प्रथमच भरून निघाली. सूक्तकालीन पत्नी घरी राहून दुःख करीत असे; माकणीची पत्नी मेजाशेजारी उभी राहून मोजते. दमयंतीनेही बाहुकाने शिजवलेले अन्न चाखूनच नवरा ओळखला होता. दांपत्य, द्यूत व अन्न या तिघांचा हिशोब पत्नीच्या जिभेवर निवळतो, ही आमच्या शास्त्राची मूळ प्रतिज्ञा.

शिदोरीप्रकरण स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. येथे इतकेच, की कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि धपाटे यांचे गाठोडे हॉटेलच्या खोलीत पोचल्यावरच उघडावे. शिदोरीवादी पंथ त्याला मृतसाठ्याचाच भाग मानतो. नवशिदोरीवादी म्हणतात की खोलीच्या भाड्यात सकाळचे पोहे व ब्रेड-बटर असताना भाकरी खाणे हा भाड्याचा अनुपभुक्तव्यय होय. भाकरी दुपारी खावी. या भेदामुळे पंथाचे दोन तुकडे झाले, पण दोन्ही पंथ चटणीपुरते एकत्र बसतात.

दुसऱ्या दिवशीचे जेवण जमिनीवर होते. पणजीत कॅफे ताटो किंवा कॅफे भोसले येथील भाजी-पाव, अथवा रिट्झ क्लासिकसारख्या ठिकाणची फिश थाळी. येथे भाताचे वसूलमूल्य शून्य राहते का, हा प्रश्न अवघड आहे, कारण थाळीत भात, कालवण आणि सोलकढी यांचा समवायसंबंध असून एकास वगळता दुसरे उरत नाही. बहुसंख्य आचार्य भात खाण्याची परवानगी देतात. आमचेही मत तेच आहे. बुफेनंतरच्या दुपारी केवळ ताक-भात उतरतो हा अनुभव त्यामागे आहे, पण शास्त्रात त्यास आधार म्हणून घेऊ नये.

या विषयाची सामग्री अद्याप विखुरलेली आहे. दिवाळीनंतर लोहारा, उमरगा किंवा तुळजापूर तालुक्यातून जी दांपत्ये पणजीस जातील त्यांना विनंती की जहाजाची, थाळीची व खोलीची पावती फाडू नये, त्या दिवशीचा सोयाबीनचा बाजारभाव पावतीमागे लिहून ठेवावा, आणि बुफेतील प्लेटांची मोजणी शक्यतो पत्नीने करावी. पतीच्या मोजणीत पहिली प्लेट 'नुसती चव बघायला' म्हणून धरली जात नाही.